तोंडी ठराव आणि पक्की भिंत

चाकणच्या बाजारात कांद्याची एक पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात गेली, तर तिची नोंद निदान दोन-तीन वह्यांत होते. वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई कोणाकडे, हे लिहिल्यावाचून पिशवी जागची हलत नाही. पण पिशवीचा हिशेब इतक्या दक्षतेने ठेवणारा तोच आडत्या आपल्या गुंठाभर जागेवर घर बांधावयास निघाला, म्हणजे जन्माची शिल्लक ज्या कामात ओतावयाची त्या कामाचा ठराव मात्र चहाच्या दुकानासमोर उभ्या उभ्या करून मोकळा होतो. "फुटाला काय घेणार?" "शेठ, तुमच्याकडून जास्त काय घेणार?" "बरे, मग गुरुवारी नारळ फोडू." एवढ्यावर पाया खणला जातो. पुढे सहा महिन्यांनी हे दोघे एकमेकांचे तोंड पाहीनासे होतात, आणि घर गिलाव्यावाचून पावसाळा खाते. हा प्रकार पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात इतका अंगवळणी पडला आहे की त्याची चर्चा करण्यासारखी आहे असेही कोणास वाटत नाही. म्हणूनच ती येथे करावयाची आहे.

ह्या पट्ट्याचा इतिहास वाचकांच्या डोळ्यांसमोरचाच आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका आली. त्यानंतर कारखानदारीचा ओघ इंद्रायणी ओलांडून निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी ह्या गावांत शिरला. कारखान्यापाठोपाठ कामगार आला, कामगारास खोली हवी झाली, आणि काल ज्वारी-बाजरी काढणारा शेतकरी आज दहा-वीस खोल्यांचा घरमालक झाला. रस्त्याच्या एका अंगास कारखान्याची इमारत उठते. तिचा करार शेकडो पानांचा असतो, त्यात प्रत्येक थराचे माप, प्रत्येक दिवसाच्या विलंबाचा दंड नमूद असतो. रस्त्याच्या दुसऱ्या अंगास तीच वीट, तोच सिमेंट आणि पुष्कळदा तोच गवंडी लावून वीस खोल्यांची चाळ उभी राहते, आणि तिच्या कराराचे अर्धे पानसुद्धा कोणाजवळ नसते. ज्याला बुडीत सोसण्याची ताकद आहे तो कागद करतो आणि ज्याला ती नाही तो करीत नाही, हे उलटे शहाणपण होय.

तोंडी ठराव बेकायदेशीर आहे असा एक समज आढळतो; तो खरा नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे दोन शहाण्या माणसांनी राजीखुशीने, कायदेशीर मोबदल्यासाठी केलेला ठराव तोंडी असला तरी बंधनकारकच असतो. इतकेच नव्हे, तर त्याच कायद्याच्या ७० व्या कलमान्वये, एकाने फुकट करण्याचा हेतू नसता दुसऱ्यासाठी काम केले व दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावाच लागतो. बंगालमधील बी. के. मंडल आणि मंडळी ह्या कंत्राटदारांचा खटला ह्या बाबतीत प्रसिद्ध आहे. त्यांनी १९४४ साली सरकारी पुरवठा खात्यासाठी कोठारे वगैरे बांधून दिली. पण सरकारशी करावयाचा करार कायद्याने सांगितलेल्या रीतीने झाला नव्हता. सरकारने त्यावर बोट ठेवून पैसे नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने अखेर कंत्राटदाराच्या बाजूने निकाल दिला. परंतु तो दिवस उजाडावयास १९६१ चा डिसेंबर यावा लागला. सतरा वर्षे! एवढी वर्षे तग धरील असा गवंडी आमच्या तरी पाहण्यात नाही, आणि घर अर्धवट ठेवून तितकी वर्षे भाड्याच्या खोलीत राहील असा मालकही नाही. तोंडी ठराव खरा असतो, पण तो सिद्ध करता येत नाही, ही खरी अडचण आहे. मजुरीच्या दाव्यास मुदत काम संपल्यापासून तीन वर्षांची; आणि साक्षीदार कोण, तर चहावाला व एक बिगारी, जो दिवाळीला गावी गेला तो परत आलाच नाही.

आता ह्या भांडणांचे मूळ कोठे असते ते पाहू. मालक म्हणतो गवंडी लबाड, गवंडी म्हणतो मालक बुडवा. आणि ऐकणारा दोघांपैकी आपल्या ओळखीचा जो असेल त्याची बाजू घेतो. आमचे मत असे की, शंभरांतील बहुतेक तंट्यांत लबाडी मागाहून येते. आरंभी असतो तो केवळ मापाचा घोटाळा. आपल्याकडे बांधकामाचे माप ब्रासात मोजण्याचा शिरस्ता आहे. ब्रास म्हणजे शंभर. पण शंभर काय? वाळू, मुरूम, दगड ह्यांचा ब्रास शंभर घनफुटांचा, आणि गिलाव्याचा व फरशीचा ब्रास शंभर चौरस फुटांचा. विटांच्या भिंतीचा ब्रास कोणता, हे आधी कोणी बोलत नाही. एक साधी भिंत घ्या: शंभर फूट लांब, दहा फूट उंच, नऊ इंच जाड. उभ्या तोंडाने मोजली तर ती हजार चौरस फूट, म्हणजे दहा ब्रास भरते. घनफळाने मोजली तर साडेसातशे घनफूट, म्हणजे साडेसात ब्रास. तिच्यात साडेतीन फूट रुंद व सात फूट उंच अशी दोन दारे आणि चार फुटी चौकोनी सहा खिडक्या असल्या, तर १४५ चौरस फुटांत वीट बसलेलीच नाही. ती जागा वजा केली म्हणजे पहिले माप ८.५५ ब्रासांवर व दुसरे ६.४१ ब्रासांवर येते. भिंत एक, वीट एक, गवंडी एक. आणि मापे चार! दोघांनी दर ठरविला तेव्हा मालकाच्या मनात ६.४१ होते आणि गवंड्याच्या मनात दहा. ह्यात कोण खोटे बोलला? कोणीच नाही. पण शेवटच्या हप्त्याच्या दिवशी दोघेही एकमेकांस चोर म्हणतात.

ह्या घोटाळ्यावर तोड पूर्वीच निघालेली आहे. भारतीय मानक क्रमांक १२०० मध्ये मापाचे नियम छापलेले आहेत. विटांच्या कामात दशांश चौरस मीटरपर्यंतची भोके वजा धरू नयेत, त्याहून मोठी धरावी. गिलाव्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचे मोकळे सोडून द्यावे. अर्धा ते तीन चौरस मीटर असेल तर एकाच बाजूचे वजा करावे, कारण चौकटीच्या कडांचा गिलावा गवंड्यास वेगळा करावाच लागतो. हा नियम किती न्याय्य आहे पाहा! दार दोन्ही बाजूंनी वजा केले तर गवंड्याच्या कडांचे काम फुकट जाते, आणि मुळीच वजा केले नाही तर मालकाचे पैसे जातात. सार्वजनिक बांधकामात हे रोज चालते. आपल्या घरमालकाने करारात एवढेच लिहावे की माप ह्या मानकाप्रमाणे होईल, किंवा त्यास तो नियम नको असेल तर आपला नियम स्पष्ट शब्दांत लिहावा. दर फुटाने ठरला असेल, तर जिना, सज्जा, छज्जा, गच्चीची कठडा-भिंत, पाण्याची टाकी व शौचकूपाची टाकी त्या फुटांत धरली आहेत की नाहीत हे एकेक नाव घेऊन लिहावे. बांधकामात आम्ही पाहिलेली सर्वांत कडू भांडणे शौचकूपाच्या टाकीवरून झालेली आहेत, हे सांगताना थोडे हसू येते. पण ज्यांची झाली त्यांस ते हसू आले नाही.

मापानंतर कामाची प्रत. 'काम चांगले करून देईन' हे वाक्य कोणत्याही न्यायाधीशापुढे टिकत नाही, कारण चांगले म्हणजे काय हे ज्याच्या त्याच्या मनात वेगळे असते. त्याऐवजी जे मोजता येते ते लिहावे. नऊ इंची भिंतीस एक सिमेंट व सहा वाळू, चार इंची भिंतीस एक व चार, आणि त्या पातळ भिंतीत किती फुटांवर काँक्रीटची पट्टी, हे लिहिता येते. वीट लावण्यापूर्वी भिजवावी, सांधा दहा मिलिमीटरचा असावा, एका दिवसात दीड मीटरहून अधिक उंची चढवू नये आणि निदान सात दिवस भिंत ओली ठेवावी, हे वीटकामाच्या मानकातच सांगितलेले आहे. पण पाणी कोणी मारावयाचे? गवंडी म्हणतो मालकाने. मालक म्हणतो गवंड्याने. आणि एप्रिल-मेच्या उन्हात भिंत कोरडी राहते ती दोघांच्या मध्ये. हे एक वाक्य कागदावर असते तर पुढच्या वर्षीच्या भेगा टळल्या असत्या. विटेची परीक्षा तर घरच्या घरी होते: कोरडी वीट तोलावी, चोवीस तास पाण्यात ठेवून पुन्हा तोलावी. साध्या भाजक्या विटेने आपल्या वजनाच्या शेकडा वीसहून अधिक पाणी प्यावे असे मानकास मंजूर नाही. अशी वीट आली तर परत नेण्याची जबाबदारी कोणाची, हेही मालाचा पुरवठा ज्याच्याकडे असेल त्याप्रमाणे लिहून ठेवावे.

हे केवळ रंगकाम बिघडण्याचे प्रश्न नव्हेत. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी भोसरीच्या सद्गुरूनगर भागात मजुरांच्या वसाहतीतील पाण्याची टाकी कोसळली आणि पाच मजुरांचे प्राण गेले. दोष कोणाचा हे ठरविणे न्यायालयाचे काम असल्यामुळे आम्ही त्यात शिरत नाही. परंतु अशा प्रसंगानंतर पहिला प्रश्न उठतो तो हा, की टाकी कोणत्या मापाची, कोणत्या मालाची, कोणाच्या सांगण्यावरून बांधली. आणि जेथे ओळभर लेखी मजकूर नसतो तेथे ह्या प्रश्नास जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवून उत्तर देतो. काम चालू असता गवंडी किंवा बिगारी परांचीवरून पडला, तर औषधपाण्याचा खर्च कोणी करावयाचा व विमा कोणी उतरवावयाचा, हे विचारणे आपल्याकडे अपशकुनाचे मानतात. तो अपशकुन नारळ फोडण्यापूर्वीच एकदा पत्करलेला बरा.

पैशांच्या बाबतीत दोन्ही पक्षांची गाऱ्हाणी खरी आहेत. मालकाचे गाऱ्हाणे उचलीचे. गवंड्याने पाया होण्यापूर्वी लाख-दोन लाख उचलावे, जोत्यापर्यंत काम आणावे, आणि मग दुसरे मोठे काम लागले म्हणजे माणसे घेऊन तिकडे जावे, ही तक्रार मोशी-चिखलीपासून चाकणपर्यंत कोठेही ऐकावयास मिळते. गवंड्याचे गाऱ्हाणे शेवटच्या हप्त्याचे. घर पुरे होऊन वास्तुशांत झाली, की मालकास भिंत वाकडी दिसू लागते. ओळंबा लावून पाहण्याची गरज त्यास वाटत नाही. ह्या दुसऱ्या गाऱ्हाण्याकडे समाजाचे लक्ष कमी जाते, कारण मालक हा आपल्या ओळखीचा असतो आणि गवंडी बहुधा मराठवाड्यातून, कर्नाटकातून किंवा त्याहून दूरच्या मुलखातून आलेला असतो. त्याचे पन्नास हजार अडले म्हणजे त्याच्या हाताखालच्या दहा माणसांची मजुरी अडते, आणि त्या दहांपैकी एकाचेही नाव मालकास ठाऊक नसते. करारात हप्ते कामाच्या टप्प्याशी बांधावे: जोते झाल्यावर इतके, भिंती चौकटीच्या माथ्यापर्यंत आल्यावर इतके, छत पडल्यावर इतके. सरकारी कामांत रकमेचा काही अंश दोषनिवारणासाठी राखून ठेवतात. घरमालकाने शेकडा पाच राखून एक पावसाळा पाहावा आणि मग ते देऊन टाकावे. मात्र कोणत्या तारखेस देऊन टाकावयाचे ती तारीखही त्याच कागदावर असली पाहिजे. नाहीतर राखलेली रक्कम म्हणजे बुडविलेली रक्कम असा गवंड्यांचा जो अनुभव आहे तो तसाच चालू राहील.

गवंडी काम टाकून गेला, तर मालकाने हात चोळीत बसण्याचे कारण नाही. विशिष्ट अनुतोष कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे निदान तीस दिवसांची लेखी नोटीस देऊन दुसऱ्याकडून काम पुरे करून घेता येते आणि त्याचा खर्च पहिल्याकडून मागता येतो. घराचे बांधकाम ही 'सेवा' ग्राहक संरक्षण कायद्यात येते, व जिल्हा आयोगापुढे पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस फीही नाही. परंतु येथे दोन खड्डे आहेत. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा ह्या कायद्यात बसत नाही, आणि स्वतःच्या उपजीविकेपुरता स्वयंरोजगार एवढाच त्यास अपवाद आहे. म्हणून भाड्याने देण्यासाठी वीस खोल्या बांधणाऱ्याने त्या दारावर फारसा भरवसा ठेवू नये. दुसरे असे की, ते दार गवंड्यास उघडे नाही. मजुरी बुडाली तर त्याने दिवाणी न्यायालयातच जावे. महारेराचे नाव हल्ली सर्वांच्या तोंडी आहे. पण २०१६ चा तो कायदा सदनिका विकणाऱ्या प्रवर्तकांसाठी आहे. स्वतःच्या जागेत स्वतःसाठी घर बांधणाऱ्या मनुष्याचा व त्याच्या गवंड्याचा तंटा त्याच्या कक्षेत येत नाही. तेव्हा ह्या दोघांच्या मध्ये कोणता कायदा उभा आहे, तर त्यांनी स्वतः लिहिलेला कागद.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप विश्वासाचा. "गवंडी आमच्या घरच्यासारखा, त्यास कागद मागणे म्हणजे त्याचा अपमान." हे म्हणणारे गृहस्थ आपल्या सख्ख्या भावाशी शेताची वाटणी करतात तेव्हा ती नोंदवून घेतात, ह्याकडे आम्ही केवळ लक्ष वेधतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे व तो गवंड्यांकडून येतो. कागद हे शहाण्यांचे हत्यार आहे. आपल्यास वाचता येत नाही त्यावर अंगठा उठवून घेतील आणि मग त्याच कागदाने गळा कापतील. ही भीती काल्पनिक नाही. ह्याच पुणे जिल्ह्यात १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने लुटून खतांची होळी केली, ती कागदाच्या अशाच वापरामुळे. पण त्यानंतर १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला त्याने कागद बंद केला नाही. उलट शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमक्ष लिहिला जावा, शेतकऱ्यास तो समजला आहे ह्याची खातरी करून घ्यावी, आणि दिलेल्या पैशाची पावती व हिशेबाची वही शेतकऱ्यास मागता यावी, असे ठरविले. त्या कायद्याची अंमलबजावणी कशी झाली हा निराळा विषय. पण त्यातील मर्म आजही लागू आहे. गवंड्यास समजेल त्या भाषेत कागद मोठ्याने वाचून दाखवावा, वाचणारा मालकाच्या घरचा नसावा, आणि कागदाची एक प्रत गवंड्याच्या हातात जावी. ज्या कराराची एकच प्रत मालकाच्या तिजोरीत आहे त्यास आम्ही करार म्हणावयास तयार नाही.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, म्हणून तो आम्हीच बोलतो. पुष्कळ मालकांस कागद नको असतो, कारण बांधकामासच परवानगी नसते. अर्ध्या-एका गुंठ्याचे तुकडे, नकाशा मंजूर नाही, आणि शक्य तितक्या लवकर छत टाकावयाचे, असा हा व्यवहार. पिंपरी-चिंचवडमध्ये २००८ नंतरच्या अशा बांधकामांवर शास्तीकर बसला, त्याची थकबाकी वर्षानुवर्षे साचली, आणि अखेर २०२३ साली सरकारने तो माफ केला. ह्या माफीने 'आधी बांधावे, मग पाहावे' ह्या वृत्तीस उत्तेजन मिळाले असे आमचे मत आहे. ज्या कराराचा उद्देशच कायद्याने मना केलेला आहे त्यास न्यायालय हात देत नाही, हे करार कायद्याच्या २३ व्या कलमात स्पष्ट आहे. परवानगीवाचून बांधणारा मालक महापालिकेच्या हाती तर सापडतोच. पण आपल्या गवंड्याविरुद्ध उभे राहण्याची जागाही तो स्वतःच्या हाताने घालवून बसतो. आणि गवंडीही असे काम घेताना आपल्या मजुरीवर केवढे पाणी सोडतो ह्याचा विचार करीत नाही.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात १९८९ चा घरबांधणीचा कायदा आहे. तेथे पाच हजार डॉलरांहून मोठ्या घरगुती बांधकामास लेखी करार सक्तीचा असून बांधणाराने आरंभीची रक्कम शेकडा दहाहून अधिक घेता कामा नये. आपल्याकडे आज अशी सक्ती करा असे आम्ही म्हणत नाही. सक्तीने कोरे, सही केलेले छापील कागद तेवढे वाढतील. पण महापालिकेस व चाकणच्या नगरपरिषदेस एक गोष्ट उद्यापासून करता येईल: बांधकामाच्या परवानगीबरोबर मराठीत छापलेला दोन पानांचा करारनाम्याचा नमुना मालकाच्या हाती द्यावा, आणि त्याची हिंदी व कानडी प्रतही ठेवावी. व्यापारी बंधूंनीही ह्यात वाटा उचलावा. सिमेंट, लोखंड व वीट विकणाऱ्यांच्या दुकानात मालक आणि गवंडी दोघेही येतात. तेथे हा नमुना टांगून ठेवला तर जाहिरातीवाचून त्याचा प्रसार होईल, आणि ज्याचे बिल तंट्यामुळे थकते त्या दुकानदाराचाही त्यात लाभ आहे.

नमुन्यावर सही होईल ती मुद्रांकावर व्हावी. ऑक्टोबर २०२४ पासून शंभर रुपयांच्या मुद्रांकाऐवजी पाचशेचा लागू झाला आहे, आणि कामाच्या रकमेप्रमाणे त्याहून अधिक लागतो की काय हे लिहिणाऱ्यास विचारून घ्यावे. कारण अपुऱ्या मुद्रांकाचा कागद दंड भरीपर्यंत न्यायालय पुराव्यात घेत नाही. काम सुरू झाल्यावर मापाची एक साधी वही जागेवर ठेवावी. दर शनिवारी, मजुरीवाटपाच्या वेळी, झालेले माप व दिलेली रक्कम तीत लिहून दोघांनी सही करावी. मध्येच मालकीणबाईंनी स्वयंपाकघराचा ओटा दोन फूट सरकविण्यास सांगितले, तर ते जादा काम त्याच दिवशी त्याच वहीत दरासह उतरावे. भ्रमणध्वनीवर पाठविलेला संदेश व काढलेले छायाचित्र हेही आज योग्य दाखल्यासह पुराव्यात येतात. पण भ्रमणध्वनी हरवतो व बदलतो, आणि वही देवघराच्या फडताळात राहते. दसऱ्यानंतर बांधकामाचा हंगाम सुरू होईल. तोपर्यंत तो नमुना छापून तयार होतो की नाही, इकडे आमचे लक्ष राहील.